गजाचा सूर, बोटाचा सूर आणि अर्धी मात्रा : डबल बेसवरील एका अडचणीचा प्रकरण अभ्यास

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या सुराचे वाद्य, मराठवाड्यात फारसे दिसत नाही. त्यामुळे ते वाजवणाऱ्यासमोर नेमकी कोणती अडचण येते, याविषयी मराठीत लिहिलेलेही फारसे सापडत नाही. लातूरमधील एका हौशी वाद्यवृंदात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी एका तरुण वादकाबरोबर जे काम केले, त्याची ही सविस्तर नोंद आहे. अडचण वरवर पाहता लहान होती. गजाने वाजवता वाजवता बोटाने तार छेडायची आणि पुन्हा गजावर यायचे, एवढेच त्याला करायचे होते, आणि तेवढेच त्याला वेळेत जमत नव्हते.

पार्श्वभूमी

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमासाठी या वृंदाने गोंधळावर आधारित साडेचार मिनिटांची एक रचना बसवायला घेतली होती. एका बाजूला तुळजापूर आणि दुसऱ्या बाजूला माहूर अशी दोन देवीस्थाने असलेल्या या भागात गोंधळाची लय लोकांच्या कानात लहानपणापासून असते, त्यामुळे इथल्या श्रोत्याला संबळ कुठे सैल पडला हे सांगावे लागत नाही. वृंदात सहा व्हायोलिन, एक चेलो, एक डबल बेस, हार्मोनियम, संबळ आणि तुणतुणे अशी वाद्ये होती. रचना बांधणाऱ्याने डबल बेसला दुहेरी काम दिले होते. संबळ पुढे असताना बेसने तुणतुण्याच्या जोडीने तारा छेडायच्या, आणि गायकाची लांब ओळ सुरू झाली की गजाने तिच्याखाली षड्ज धरून ठेवायचा. कल्पना मला मनापासून आवडली, कारण एकच वाद्य एका क्षणी तुणतुण्याचे भावंड होते आणि दुसऱ्या क्षणी तानपुऱ्याचे.

वादक चोवीस वर्षांचा होता. लग्नसमारंभांतल्या ऑर्केस्ट्रात पाच वर्षे बेस गिटार वाजवल्यामुळे त्याची लय पक्की होती, सूर ऐकण्याची सवय चांगली होती आणि डाव्या हाताची ताकदही पुरेशी होती. डबल बेस त्याने दीड वर्षापूर्वी हाती घेतला होता. गज धरण्याची त्याची पद्धत फ्रेंच होती, म्हणजे व्हायोलिनप्रमाणे हात वरून येतो. जर्मन पद्धतीत तळहात खालून वळून गजाची मूठ धरतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला म्हणून आधीच सांगितला.

तक्रार

संपूर्ण रचनेत गजाकडून बोटाकडे किंवा बोटाकडून गजाकडे जाण्याच्या अकरा जागा होत्या. त्यांपैकी सात जागी दोन मात्रांहून अधिक उसंत होती आणि तिथे काहीही बिघडत नव्हते. उरलेल्या चार जागी मात्र प्रत्येक तालमीत काहीतरी घडे. कधी छेडलेला सूर उशिरा येई, कधी गजाची काडी वाद्याच्या अंगावर आपटून ठक्‌ असा आवाज होई, आणि गजाने घेतलेला पहिला सूर बहुतेक वेळा किंचाळत किंवा खरखरत उमटे. संबळ वाजवणारे काका स्वभावाने शांत. पण तिसऱ्या तालमीला त्यांनीही हात थांबवून विचारले की बेस मागे का राहतो आहे. वादकाने माझ्याकडे पाहून सांगितले, "सर, गज वेळेवर पोचंना गेलाय."

रचनेची लय मिनिटाला १०० मात्रांची होती. म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची आणि सर्वांत अडचणीच्या जागी मिळणारी अर्धी मात्रा ०.३ सेकंदाची. एवढ्या वेळात व्हायोलिनवादक सहज बदल करतो, हे शेजारीच दिसत होते, आणि त्यामुळे वादकाला आपलाच दोष वाटू लागला होता. ही तुलना मुळातच अन्यायाची आहे. व्हायोलिनचा गज साधारण ६० ग्रॅमचा असतो, तर डबल बेसचा त्याच्या दुपटीहून जड. व्हायोलिनच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर बेसची १०५ सेंटिमीटरच्या आसपास. व्हायोलिनवादकाचा उजवा हात डोळ्यांसमोर एका लहानशा जागेत फिरतो. बेसवादकाचा हात कमरेच्या उंचीवर, मोठ्या वाद्याला वळसा घालून, बराच लांब प्रवास करत असतो.

माझे पहिले निदान आणि त्यातली चूक

मी सुरुवातीला हा वेगाचा प्रश्न मानला. हात सावकाश हलतो आहे, तर तो जलद हलवण्याचा सराव करावा, असे ठरवून मी त्याला तीन आठवडे केवळ त्या चार जागा पुन्हा पुन्हा जलद वाजवायला लावल्या. परिणाम उलट झाला. घाईमुळे खांदा वर चढू लागला, अंगठा गजाच्या मुठीत रुतू लागला आणि ठक्‌ हा आवाज आधीपेक्षा वाढला. ते तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले.

चौथ्या आठवड्यात आम्ही मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे संथगती चित्रण केले. अर्ध्या मात्रेच्या ०.३ सेकंदात अशा ७२ चौकटी येतात, त्यामुळे हाताचा वेळ कुठे खर्च होतो हे मोजून पाहता आले. जे दिसले ते दोघांनाही अनपेक्षित होते. हात संथ नव्हताच. गजाचा शेवटचा सूर तो मुठीकडून टोकाकडे जाणाऱ्या ओढीने संपवत होता, आणि म्हणून सूर संपताना त्याचा हात तारेपासून गजाच्या जवळजवळ संपूर्ण लांबीइतका दूर गेलेला असे. ७२ पैकी निम्म्याहून अधिक चौकटी केवळ हात परत आणण्यात जात होत्या. उरलेल्या चौकटींत पकड बदलायची, बोट तारेवर टेकवायचे आणि छेडायचे, हे कोणालाही शक्य नव्हते.

दुसरी गोष्ट दिसली ती छेडण्याच्या पद्धतीतली. बेस गिटारच्या सवयीने तो तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने, बोटांची टोके तारेशी काटकोनात ठेवून वापरत होता. मधले बोट मोकळे हवे असल्यामुळे गज फक्त अनामिका आणि करंगळीत लोंबकळत राही, आणि तोच वाद्याच्या अंगावर आपटे. जर्मन पद्धतीच्या मुठीत ही दोन बोटे गज पेलू शकतात, कारण ती मूठ मोठी असते आणि तळहातात बसते. फ्रेंच मुठीला मधल्या बोटाचाही आधार लागतो.

बदलाची सुरुवात आधीच्या सुरात

इथून पुढे आमचे सर्व काम एका विचाराभोवती फिरले. बदलासाठी अर्धी मात्रा मिळते हे लिहिलेल्या स्वरलिपीपुरते खरे आहे. प्रत्यक्षात बदलाची तयारी त्याआधीच्या तीन-चार सुरांत करावी लागते, आणि ती केली नाही तर अर्धी मात्रा कधीच पुरत नाही.

आम्ही चारही जागांपासून मागे मोजत गेलो. छेडण्यापूर्वीचा शेवटचा सूर टोकाकडून मुठीकडे येणाऱ्या ओढीने संपला पाहिजे, म्हणजे सूर संपताना हात आपोआप तारेजवळ असेल, ही अट घालून त्याच्या आधीच्या प्रत्येक सुराची ओढ पेन्सिलीने नव्याने लिहिली. दोन जागी त्यासाठी एका ओढीत दोन सूर जोडावे लागले. एका जागी लांब षड्ज मध्येच न जाणवेल अशा रीतीने दोन ओढींत विभागला. व्हायोलिन आणि चेलो यांच्या गजांची दिशा बेसशी जुळेनाशी झाली, आणि वृंदाच्या संचालकांना ते दिसायला बरे वाटत नव्हते. मी त्यांना विनंती केली की या चार जागी दिसण्यापेक्षा लय महत्त्वाची मानावी. त्यांनी ती मानली.

पकड बदलताना मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी मूठ तळहाताशी दाबून धरायची, गजाचे टोक खाली झुकू द्यायचे, अंगठा फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा ज्यावर दाबतात त्या लांब पट्टीच्या, कडेला टेकवायचा आणि मोकळ्या झालेल्या तर्जनीची कड, टोक नव्हे, तारेवर आडवी ठेवून छेडायचे, अशी रीत ठरली. अंगठ्याचा टेकू मिळाला की हाताला आपली जागा न पाहता सापडते. तर्जनीच्या कडेला मांस अधिक असल्यामुळे सूरही भरदार येतो. एका बोटाने जलद सुरावटी छेडता येत नाहीत हा या पद्धतीचा तोटा आहे, परंतु या रचनेत तुणतुण्यासारखे सरळ ठोके होते, म्हणून तो आम्हाला जाचला नाही.

छेडण्याची जागा कोणती असावी यावर मात्र बराच वेळ गेला. तार जितकी मधल्या भागाकडे छेडावी तितका सूर गोल आणि गडद येतो, आणि घोडीकडे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडाकडे, सरकावे तितका तो टणक व पातळ होतो. गज मात्र फिंगरबोर्डचा शेवट आणि घोडी यांच्या मधल्या पट्ट्यात चालतो. वादक संबळाच्या आवाजात आपला सूर ऐकू यावा म्हणून जोर लावत होता आणि जोराच्या भरात त्याचे बोट नकळत याच पट्ट्यात उतरत होते. त्याचे दोन परिणाम होत. बोटाला गजाच्या केसांना चोळलेली राळ चिकटे, आणि बोटाचा घाम व तेलकटपणा नेमका गजाच्या वाटेवर तारेला लागे. तेलकट तारेवर गजाचे केस घसरतात. किंचाळणाऱ्या पहिल्या सुराचे एक कारण हे होते, आणि ते शोधायला मला महिना लागला. शेवटी फिंगरबोर्डच्या टोकापासून चार बोटे वर ही जागा ठरवली. तिथून गजाच्या पट्ट्यापर्यंत हात थोडाच खाली यावा लागतो, आणि सूरही फार पातळ होत नाही. प्रत्येक तालमीच्या मध्यंतरात कोरड्या सुती फडक्याने तारा पुसण्याची शिस्तही लागली.

बोटाकडून गजाकडे

उलट दिशेचा बदल अधिक नाजूक निघाला. छेडलेला सूर बोट सुटताच पूर्ण उमटतो. गजाच्या सुराला मात्र स्थिर व्हायला वेळ लागतो. तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि ही चिकट-सुटीची फेरी नियमित झाली की मगच खरा सूर ऐकू येतो. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका फेरीला जवळपास २४ सहस्रांश सेकंद लागतात. पाच फेऱ्या गडबडीत गेल्या तरी सेकंदाचा आठवा हिस्सा निघून जातो. व्हायोलिनच्या तारा कितीतरी अधिक वेगाने कंप पावत असल्याने तेवढ्याच फेऱ्या तिथे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून बेसवादकाने गज अगदी मात्रेवर हलवला तरी ऐकणाऱ्याला तो मागे राहिल्यासारखा वाटतो. काकांना जे मागे राहणे जाणवत होते, त्यात हा भागही होता.

उपाय असा की गज सुराच्या आधी तारेवर शांतपणे बसलेला असावा, केसांनी तार पकडलेली असावी, आणि मात्रेवर फक्त ओढ सुरू व्हावी. हवेतून येऊन थेट तारेवर वाजवायला सुरुवात केली तर पहिल्या फेऱ्या हमखास बिघडतात. पण इथे आणखी एक अडथळा होता. छेडलेली तार अजून कंप पावत असताना तिच्यावर गज ठेवला तर खरखर होते. त्यामुळे गज टेकण्याच्या क्षणभर आधी डाव्या हाताच्या बोटांनी दाब सैल करून, पण तार न सोडता, तिचा आवाज थांबवणे आवश्यक ठरले. मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारेवर ही सोय सहज मिळत नाही, म्हणून शक्य तिथे छेडण्याचे सूर दाबलेल्या तारेवर घेतले. वादकाच्या तारा पोलादी, छेडण्यासाठी अनुकूल आणि बराच वेळ गुंजणाऱ्या होत्या. गजाला लवकर प्रतिसाद देणाऱ्या तारा वेगळ्या मिळतात. पण संपूर्ण संच बदलणे खर्चाचे होते आणि नव्या तारा स्थिरावायलाही दिवस लागले असते, म्हणून तो विचार सोडून दिला.

सरावाची पद्धतही बदलली. पहिले दहा दिवस आम्ही आवाजच काढला नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० मात्रांवर लावायचा, म्हणजे अर्ध्या मात्रेला अर्धा सेकंद मिळतो, आणि फक्त हालचाल करायची: ओढ संपली, पकड बदलली, अंगठा टेकला, बोट तारेवर आले, थांबले; पुन्हा पकड, गज तारेवर बसला, थांबला. आवाज नसल्यामुळे वादकाला सुराची भीती राहिली नाही आणि खांदा खाली आला. मग आवाजासह त्याच लयीत, आणि पुढे दर दोन दिवसांनी चार-चार मात्रांनी वाढ. १०० ला पोहोचायला तीन आठवडे लागले.

चौथी जागा

तीन जागा सुधारल्या. चौथी सुधारली नाही. तिथे गजाच्या दोन सुरांच्या मधोमध एकच छेडलेला सूर होता, म्हणजे एका मात्रेत दोन बदल. संथगती चित्रण पुन्हा पाहिल्यावर मला मान्य करावे लागले की फ्रेंच मुठीने, या लयीत, हे स्वच्छ होणार नाही.

पाश्चात्त्य संगीतात तारवाद्यांना गज बाजूला ठेवून बोटांनी तार छेडण्याची लेखी सूचना १६२४ मध्ये इटालियन संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दी यांच्या रचनेत मिळते. तेव्हापासून या बदलासाठी वेळ किती द्यावा हा रचनाकाराचाही प्रश्न आहे, असे माझे मत आहे. वादकाने अशक्य जागा सहन करावी आणि अपयश स्वतःच्या माथी घ्यावे, हे योग्य नाही. मी रचना बांधणाऱ्यांकडे गेलो. त्यांना तो सूर काढायचा नव्हता, कारण तिथेच संबळाचा एक ठोका मोकळा सोडलेला होता आणि बेसच्या सुरानेच ती जागा भरत होती.

मग डाव्या हाताने छेडण्याचा मार्ग सुचला. गज तारेपासून किंचित उचलून तसाच धरायचा आणि डाव्या हाताच्या बोटाने मोकळी तार ओढून सोडायची, म्हणजे उजव्या हाताला काहीच बदलावे लागत नाही. अट एकच होती, तो सूर मोकळ्या तारेचा हवा. डबल बेसच्या चार मोकळ्या तारा हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या हिशेबाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा लागतात, आणि आमचा गायक गात होता काळी एकमध्ये. त्या पट्टीत षड्ज, मध्यम, पंचम यांपैकी एकही मोकळ्या तारेवर येत नाही. गायकाने पट्टी अर्ध्या सुराने वर, पांढरी दोनवर नेली तर षड्ज आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर मिळत होते. एका वाद्याच्या एका सुरासाठी गायकाला पट्टी बदलायला सांगताना मला फार संकोच वाटला. त्यांनी एकदा गाऊन पाहिले, "उदे"ची हाक वरच्या सुरात अधिक खुलते म्हणाले, आणि प्रश्न मिटला. हार्मोनियम आणि व्हायोलिन यांची स्वरलिपी मात्र रात्रीतून पुन्हा लिहावी लागली.

या जागी छेडलेला सूर पंचमाचा होता आणि पुढे गज षड्जावर येत होता. मोकळी तार गुंजत राहते ही आधी अडचण होती, तीच इथे उपयोगी पडली, कारण षड्जाखाली पंचम विरत जाणे कानाला तानपुऱ्यासारखेच वाटते.

हवामान आणि इतर गोष्टी

बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते. मे महिन्यात लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि वादकाने मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली राळेची वडी वितळून कापडाला चिकटली होती. तेव्हापासून ती स्टीलच्या डबीत, घरात माठाशेजारी राहते. पावसाळ्यात गजाचे केस दमटपणा शोषून सैल पडतात, त्यामुळे ऑगस्टच्या तालमींत गज दर वेळी तपासून आवळावा लागला. वाजवून झाल्यावर तो सैल करायलाही विसरून चालत नाही.

रचनेत एक जागा अशी होती जिथे सव्वा मिनिट सलग छेडायचे होते. तिथे गज हातात धरण्याचे कारण नव्हते. वादकाने एका कारागिराकडून चामड्याचा लहान भाता शिवून घेतला आणि तो वाद्याच्या टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोके अडकवलेल्या पट्टीला, बांधला. लांब उसंतीसाठी तो उत्तम ठरला. कमी उसंतीच्या जागी तो वापरण्याचा मोह मात्र मी टाळायला सांगितले, कारण गज भात्यात घालून पुन्हा काढायला त्याला दोन सेकंदांहून अधिक लागत होते.

कार्यक्रम आणि उरलेली अडचण

१७ सप्टेंबरला धाराशिवमध्ये रचना सादर झाली. उत्साहात लय वाढली. ध्वनिमुद्रणावरून मोजली तर शेवटच्या भागात ती मिनिटाला ११२ मात्रांच्या आसपास गेली होती, म्हणजे अर्धी मात्रा ०.२७ सेकंदावर आली. चारपैकी तीन जागा स्वच्छ गेल्या. तिसऱ्या जागी गज तारेवर बसला खरा, पण आधीची तार पूर्ण शांत झालेली नव्हती आणि खरखर ऐकू आली. डाव्या हाताने छेडलेला चौथ्या जागेचा पंचम मात्र संबळाच्या मोकळ्या ठोक्यात अगदी नेमका पडला. काकांनी वाजवता वाजवताच बेसकडे मान वळवून दाद दिली.

गज हातात धरून तर्जनीच्या कडेने छेडलेला सूर दोन मोकळ्या बोटांनी छेडलेल्या सुरापेक्षा अजूनही कमी भरतो, आणि संबळ पूर्ण जोरात असताना तो मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. मायक्रोफोन घोडीसमोर ठेवला तर गजाचा सूर कर्कश येतो. फिंगरबोर्डच्या टोकासमोर ठेवला तर छेडलेला सूर भरतो, पण गज वळताना मायक्रोफोनवर आदळण्याची भीती राहते. सध्या आम्ही मायक्रोफोन फडक्यात गुंडाळून घोडीच्या खाली, टेलपीसच्या मागे अडकवून पाहतो आहोत, आणि तिसऱ्या जागेसाठी छेडण्याचा शेवटचा सूर पाव मात्रा आखूड करून वादकाने पेन्सिलीने नवी खूण केली आहे.